टाचवालीचे गरम हात

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे टाचवाली म्हणतात. बावीस वर्षं ती आया होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला मोजणीच्या कामाला घेतलं, तेव्हा मीच, या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणाले होते, "अहो बाई, फडकं पिळणारीकडे यंत्र? माकडाच्या हाती कोलीत!" जीभच तशी माझी, काय करणार.

काम असं. निरोगी बाळाच्या टाचेला यंत्राचा बटणाएवढा तुकडा चिकटवायचा. त्यातून लाल उजेड जातो आणि कातडीखालच्या बारीक नसांतून रक्त किती वाहतंय, त्याचा आकडा पडद्यावर येतो. सुई नाही, रक्त काढणं नाही. आईला मात्र ते दहादा सांगावं लागतं. टाचवाली म्हणायची, "अगं, त्याला कळणारसुद्धा नाही. माझं बोट लागलं समज." रडकी बाळंही तिच्यापुढे गप्प व्हायची. निरोगी बाळाचा आकडा किती असतो ते ठरवायला साठ बाळं मोजायची होती. एकेचाळीस झाली होती. काम पुरं झालं की तिची नेमणूक कायम होणार होती.

एका सोमवारी ती उजव्या हाताला पट्टी बांधून आली. घरी कुकरच्या वाफेने भाजलं होतं. तिने तुकडा डाव्या हाताने कसाबसा चिकटवला. आकडा आला नेहमीच्या निम्मा.

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हटलं.

त्याच बाळाची टाच तिने पाच मिनिटं डाव्या मुठीत धरली आणि पुन्हा मोजलं. आकडा टुणकन वर!

ती स्टुलावर बसली. "सिस्टर, मी प्रत्येकाचा पाय आधी मुठीत धरते हो. गार पाय दिसला की हात आपोआप जातो. जन्मभर तेच केलं ना. आज पट्टीमुळे तेवढं राहिलं. हे सगळे आकडे माझ्या हाताच्या उबेचे आहेत."

"कुणाला कळतंय? मूग गिळून गप्प बस," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

"आणि उद्या या आकड्यांशी ताडून धडधाकट बाळाला आजारी ठरवलं, सुया टोचल्या, तर?"

वही उचलून ती सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी एकेचाळीसच्या एकेचाळीस बाळांवर काट मारली. नेमणुकीचा कागद परत फायलीत गेला. 'शेवटी आयाच ती,' वॉर्डात कुजबुज झाली. ते मीच पेरलेलं होतं. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा नियम आला: मोजण्याआधी दहा मिनिटं पायाला हात लावायचा नाही. तिचा हात बरा झाल्यावर पुन्हा एकपासून सुरुवात. कालच जन्मलेली मुलगी, पाय निळसर, गारढोण. पहिले एकदोन दिवस असतातच तसे. पोरगी कुरकुरायला लागली. टाचवाली स्टुलावर दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसली होती. दहा मिनिटं ती नुसती घड्याळाकडे बघत होती. मग तुकडा चिकटवला, आकडा आला, तिने लिहून घेतला.

तुकडा काढला आणि म्हणाली, "झालं गं बाई, आण आता तो पाय." तिने तो मुठीत घेतला.

दुसरा पाय मी धरला.