ठकूबाईचं मऊसूत लुगडं

पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत ठकूबाईइतकं शब्दांच्या बाबतीत खडूस माणूस नव्हतं. भाकरी नरम, कोवळं गवत लुसलुशीत, लोणी मऊ. पण मऊसूत म्हणायचं ते फक्त वर्षानुवर्षं अंगावर वापरलेल्या कापडाला. कुणी नव्या लुगड्याला मऊसूत म्हटलं की ती म्हणायची, "आधी दहा पावसाळे नेस, मग बोल."

तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, जुन्या लुगड्याचं फडकंच हवं, ही आमच्याकडची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून फडकंही माहेरचं. ठकूबाईनं आपलं जांभळ्या किनारीचं जुनं लुगडं लेकीसाठी, आवडीसाठी, राखून ठेवलं होतं. आवडीच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलेना. मग म्हातारीनं आशाच सोडली. वाडीत कुणी बाळंत झालं की त्या लुगड्याचं एक फडकं फाडून देऊ लागली. शेवटचं मिळालं माझ्या आईला, शकूला. माझी दोन भावंडं आणि मी, तिघंही त्यातच वाढलो.

आणि एकोणीसशे तीस साली, लग्नानंतर तेराव्या वर्षी, आवडीला दिवस गेले.

ठकूबाई हरखायच्या ऐवजी खचली. "माज्या हातानं लेकीचं नशीब फाडलं गो," आईला म्हणाली. मग महाडच्या बाजारातून आणलेलं कोरं लुगडं ती रोज नेसू लागली. शेण काढताना तेच, भात लावताना तेच. सावित्री नदीच्या धोंड्यावर आपटून आपटून धुवायची. म्हातारीला नटायची हौस आली म्हणून बायका हसायच्या. चार महिन्यांत त्याचा रंग विटला.

आवडीला मुलगी झाली. रखमा सुईणीनं ते कापड गालाला लावलं आणि बाजूला ठेवलं. "नरम हाय, मऊसूत नाय. पोरीचं अंग सोलंल." ठकूबाईचाच शब्द तिच्याच दारात आला.

तेवढ्यात वर्षाच्या मला कडेवर घेऊन आई आली. हातात ते फडकं होतं.

"काकी, तुमच्याकडनं नेलं तवा मऊ व्हतं. तीन पोरांनी मऊसूत केलंय."

ठकूबाईनं जांभळी किनार ओळखली. फडकं गालाला लावून ती पोटभर रडली. मग नातीला त्यात गुंडाळून आईला म्हणाली, "मी फाडलं नव्हतं गो. तुज्याकडं ठेवायला दिलं व्हतं."