भिंगरीचा डावा गुडघा

भिंगरीचा डावा गुडघा माझ्या डोक्यातून जात नाही. जेवताना तोच, भांडी विसळताना तोच, आता वही उघडून बसले तरी तोच. हे म्हणाले, "झोप आता. गुडघा तिचा आहे, तुझा नाही." आणि कूस बदलून मोकळे झाले.

भिंगरी ही आमची धाकटी. चालायला लागल्यापासून एका जागी स्वस्थ नाही, म्हणून घरात हेच नाव पडलं. आता चौतिशीची आहे आणि एका बंद छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मुलांना नाच शिकवते. तिथे आरसे नाहीत, म्हणून तीच मुलांचा आरसा होते. त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते आणि सगळं उलटं नाचते. मुलांची उडी उजव्या पायावर, तर हिची डाव्यावर. रोज चार वर्ग, अशी बारा वर्षं. "मुलांकडे पाठ करायची नाही, आई," ती म्हणते. "पाठ केली की अर्धी खिडकीबाहेर बघतात."

गुरुवारी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर ती मुलांकडे पाठ करून उभी. उड्या उजव्या पायावर. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी ओरडली, "ताई, रुसलात का आमच्यावर?" सगळे हसले, तीही हसली. मला नाही हसू आलं.

वर्ग सुटल्यावर तिला जिन्यात गाठलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाटकं नकोत. गुडघा."

कठडा धरून ती पायरीवर बसली. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं म्हणे, आतला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, अर्धा फाटलाय. उड्या पूर्ण बंद. सगळा फाटला तर नाच विसरा.

"अर्धा शाबूत आहे ना? शनिवारपुरता पुरेल."

शनिवारी तिच्या बाईंचा कार्यक्रम आहे. लहानपणापासून ती ज्यांच्याकडे शिकली, त्या बाईंचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मुख्य नाच हिला दिलाय. त्यात अकरा उड्या आहेत. मी तालमीत मागच्या कोपऱ्यात बसून मोजल्यात.

"बाईंना सांगून टाक."

"म्हणजे त्या दुसरीला उभी करणार! आणि मी जन्मभर एक-दोन-तीन-चार म्हणत टाळ्या वाजवायच्या? तू त्यांना सांगितलंस ना, तर तुझं-माझं बोलणं बंद. सांगून ठेवते."

मी डबा तिच्या हातात ठेवला. तिला तो होकार वाटला.

बाईंशी मी सोळा वर्षांत बोललेले नाही. भिंगरीने कॉलेज सोडलं, तेव्हा त्यांच्या दारात जाऊन ताडताड बोलून आले होते. "माझ्या पोरीचे पाय पळवलेत तुम्ही!" त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाय तिचेच आहेत. मी सांभाळते फक्त." तेव्हा त्याचाही राग आला होता.

आज त्यांचा नंबर जुन्या डायरीत शोधून काढला. बाई पहाटे पाचला उठतात, भिंगरीच सांगते. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून सुचत नाही. माफी मागावी, की सरळ गुडघ्यावर यावं? भिंगरी बोलायची बंद होईल, हे पक्कं. रागात ती माझ्यावरच गेलीय.

पाच वाजायला दोन तास आहेत. पाचला लावते.