झीलकऱ्याचा ट्रॅक

आमच्या पेठेत माग चालू असले की रेकॉर्डिंग होत नाही. भिंतींना चादरी ठोकल्या, खिडकीत गादी कोंबली, तरी यंत्रमागाचा ठोका जमिनीतून येतो आणि माईकच्या स्टँडवरून वर चढतो. म्हणून दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असं कळलं की मी गायकांना निरोप धाडतो. लाईट गेली की माग थांबतात आणि माझी मागची खोली इन्व्हर्टरवर सुरू होते. शाळेत संगीत शिकवून उरलेल्या वेळात मी हेच करत आलो. भजनं, लग्नातली गाणी, गॅदरिंगचे ट्रॅक. त्यातल्या एका कामाबद्दल मी कुणाशी खरं बोललो नव्हतो. बायकोशीही नाही.

चार वर्षांपूर्वी कुंभारीच्या पलीकडच्या माळावरून दोन धनगर आले. दोघंही साठीच्या पुढचे. एक ओवी सांगणारा, दुसरा त्याचा झीलकरी. पहिल्यानं ओळ सांगायची, आणि दुसऱ्यानं शेवटचा शब्द उचलून लांबवायचा. तेवढ्यात पहिला दम घेतो, पुढची ओळ जुळवतो. मेंढरांमागं हिंडता हिंडता दोघांचा सगळा जन्म असा गेलेला. झीलकऱ्याच्या घशात गाठ होती. आठवड्यानं ऑपरेशन. सोबत त्याची लेक होती.

"आवाज ऱ्हाईल का न्हाय, डाक्टर काय सांगंना," झीलकरी म्हणाला. "म्हून म्हनलं, हितं ठिवून जावा. नातू बारका हाय माजा. त्यानं कुटं ऐकायचा?"

"बँकंत ठिवल्यावानी बोलतंय बगा," ओवी सांगणारा म्हणाला. "मास्तर, ह्याला पावती द्या की."

आम्ही सगळे हसलो. "राहील मामा," मी म्हणालो. "तुमचा आवाज इथं कायमचा राहील."

हे माझेच शब्द. नीट आठवतात.

दोघांना मांडीला मांडी लावून बसवलं, दोन माईक दिले. त्यांनी सुंबरान मांडलं, म्हणजे देवांची आठवण काढून ओवीला हात घातला, आणि तासभर न थांबता गायले.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून बसलो तर झील मला खटकायला लागली. आवाज घोगरा होता, सुराला जरा खाली, ते एक वेळ चाललं असतं. पण तो आधीच शिरत होता. पहिल्याचा शब्द संपायच्या आत हा आलेला, दोघांचे आवाज एकमेकांना घासतायत. मी रीतसर गाणं शिकलेला माणूस. मला ती चूक वाटली. त्याचे तुकडे माऊसनं मागं सरकवून पाहिले, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलं. आवाज पत्र्यासारखा झाला. मग एका दुपारी मीच माईकसमोर उभा राहिलो आणि घसा दाबून सगळी झील गायलो. प्रत्येक ओळ पुरी संपल्यावर, नेमक्या जागी. त्याचा ट्रॅक बंद केला, पहिल्याच्या माईकमध्ये शिरलेला त्याचा आवाजही कापून काढला आणि तेच त्यांना दिलं.

देवाच्या जत्रेत भोंग्यावर ते लागलं तेव्हा मी गर्दीत उभा होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "झील काय धरलीया, लई भारी!" झीलकरी तिथंच होता, गळ्याला पांढरी पट्टी. स्वरयंत्र काढून टाकलं होतं. श्वास गळ्याच्या भोकातून चालायचा. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि तो हात जोडत होता. मला काय वाटलं ते आता सांगतो. बरं वाटलं. उभ्या आयुष्यात माझ्या गळ्याला कुणी तसं म्हणालं नव्हतं.

घरी येऊन मी त्याचा मूळ ट्रॅक पुसून टाकला. हार्ड डिस्क भरली होती असं मी मनाला सांगत आलो. डिस्कवर जागा होती. पुरावा नको होता.

दोन महिन्यांनी त्याची लेक एकटीच आली. दारातच तिनं फोन पुढं केला.

"मास्तर, ह्यात माजा बा कुटं हाय?"

"हाच की. झील कोण धरतंय मग?"

"आसा न्हाय त्येचा आवाज."

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज बदलतो," मी म्हणालो. "मशीनमधून जातो ना."

तिनं फोन पदराखाली घेतला. मग म्हणाली, "आसंल. आमास्नी काय कळतंय त्यातलं." आणि गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

यंदा ती तिघं पुन्हा आली. ओवी सांगणाऱ्याला दुसरी ओवी ठेवायची होती. झीलकरी तर गाणार नव्हता. मग कशाला आणलंत, असं मी विचारलं.

"त्यो शेजारी बसल्याबिगर मला फुडची वळ सुचत न्हाय. मुका झाला तरी जागा आडवून बसतोय, बगा."

झीलकरी हसला. हसण्याचा आवाज नाही, नुसते खांदे हलले.

एकच माईक लावला, ओवी सांगणाऱ्यापुढं. सुंबरान मांडलं. पहिली ओळ संपत आली आणि माझ्या हेडफोनमध्ये वारा आला. शब्द अजून चालू, आणि त्याच्या शेजारून एकसारखा, लांब ओढलेला श्वास. मी वर पाहिलं. झीलकऱ्याचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले, आणि गळ्याच्या भोकावरचं फडकं श्वासानं हलत होतं. तो झील धरत होता. दुसऱ्या ओळीला तसंच, तिसऱ्या ओळीला तसंच, शब्द संपायच्या आधी. आणि पहिला शेवटचं अक्षर अर्ध्यात सोडत होता, कारण ते उचललं जाणार हे त्याला ठाऊक होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्येही त्यानं शब्द असेच सोडले होते. माझ्या झिलीत ओळ तुटते, मधे काहीच नसतं, आणि मग मी येतो. जत्रेतल्या लोकांनी कौतुक केलं, तरी ते असं होतं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"काय झालं, मास्तर? सुंबरान मांडल्यावर मदी थांबीत न्हाईत."

"मामा," मी झीलकऱ्याकडं वळून म्हणालो, "त्या पहिल्या ओवीत तुमचा आवाज नाही. झील मी धरलीय. तुमचा ट्रॅक मी काढला. नंतर पुसून टाकला. तो आता कुठंच नाही."

"ह्यी कसली थट्टा," ओवी सांगणारा हसत म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्यानं जोडीदाराकडं पाहिलं.

"मी इचारलं हुतं तुमाला," लेक म्हणाली. "ह्याच दारात."

"हो."

"बा रोज फोन लावतोय नातवाच्या कानाला. छातीवर हात मारून दावतोय, ह्यो मी म्हून." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

झीलकऱ्याचे ओठ हलले. लेकीला कळलं असावं, पण ती सांगेना. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. शेवटी ओवी सांगणारा माझ्याकडं न बघता बोलला.

"इचारतोय, वंगाळ हुता का आवाज?"

"नाही मामा. मला कळला नाही."

माफी मागायची होती, ती राहूनच गेली. झीलकऱ्यानं जोडीदाराच्या गुडघ्यावर थाप मारली आणि हातानंच खूण केली, चल. मांडलेलं अर्धं सोडायचं नव्हतं. मी दुसरा माईक आणला, त्याच्या गळ्याशी धरला आणि विचारलं, "इथं लावू?" त्यानं लेकीकडं पाहिलं. तिनं पुढं होऊन त्याच्या गळ्यावरचं फडकं बाजूला केलं.

तासाभरानं ओवी संपली. मी फाईल जपून ठेवतो म्हणालो.

"हितं ठिवू नका," लेक म्हणाली. "आत्ताच द्या. हात लावायच्या आदी."

तिच्या फोनमध्ये दोन्ही ट्रॅक टाकून दिले. ते दोघे चपला घालून अंगणात थांबले. लेक दारातच उभी राहिली, फोन कानाला लावून. नुसत्या श्वासाचा तो ट्रॅक तिनं पहिल्यापासून लावला आणि तपासायला म्हणून तासभर उभ्यानं शेवटपर्यंत ऐकला. मी तिला बस म्हणालो नाही. तीही बसली नसती.