एको रूममधली नंदा

"ताई, नंदा गेली." नंदाच्या भावाचा, विजयचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. "कुठे गेली?" मी विचारलं. महिना उलटला, तरी माझा तो प्रश्न अजून माझ्याच कानात वाजतो. बावन्न वर्षांची बाई, आदल्या संध्याकाळी फोनवर माझ्याशी हसत होती, आणि सकाळी चहा गाळता गाळता कोसळली. हृदय बंद पडलं. नंदाचं हृदय!

अहो, दुसऱ्यांची हृदयं बघणं हेच तिचं काम. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ती एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायची. चार वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा केमोच्या औषधांनी हृदय कमजोर होऊ शकतं म्हणून करतात तो केमोआधीचा एको तिनेच केला होता. तिसऱ्या डोसनंतरचा करताना ती बोलता बोलता थांबली. छातीवर तीच जागा पुन्हा पुन्हा बघत राहिली, मग उठून डॉक्टरांनाच घेऊन आली. "सर, पंपिंग नॉर्मल आहे, पण आधीपेक्षा स्नायू कमी आवळतोय." मला ना धाप होती, ना पायांवर सूज. लगेच गोळ्या सुरू झाल्या, केमो पूर्ण झाली, हृदय सावरलं. "धाप लागायची वाट बघितली असती ना, तर वाट लागली असती," ती नंतर म्हणाली.

मैत्री तिथूनच. माझी एकोची तारीख चुकली की फोन यायचा, "काय गं, कुठे तडमडलीस?" विक्रोळीला तिच्या घरी कितीदा कुळथाची पिठी आणि भात जेवले, पण तुझं काय, असं कधी विचारलंच नाही.

तेराव्याला विजय बोलला. एकोणिसाव्या वर्षी नंदाला गाठींचा कॅन्सर झाला होता. जबर केमो, छातीवर रेडिएशनचा शेक. बरी झाली आणि घरात तो विषयच बंद झाला. "डॉक्टर म्हणतात, त्या औषधांनीच हृदय आतून कमजोर झालं असणार. तेव्हा कोण बघत होतं हृदयाकडे? म्हणून तर ती या कामात आली." चार वर्षं माझं हृदय बघणाऱ्या बाईचं मला काहीच माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात माझा एको होता. नव्या मुलीने मशीनशेजारची वही दाखवली. "नंदाताईंची. टाकवत नाही." एको चुकवणाऱ्यांची नावं, फोन करून झाला की पुढे खूण. मी पानं उलटत गेले. दर महिन्याच्या यादीत तळाशी एक नाव, 'नंदा'. पुढे खूण नाही. तिच्याच अक्षरात, प्रत्येक पानावर, 'पुढच्या महिन्यात'.

"मॅडम, डाव्या कुशीवर वळा," मुलगी म्हणाली. मी वळले. तोंड भिंतीकडे झालं, ते बरंच झालं.