स्थगिती आणि आक्काची तारीख

न्यायालयाने त्या नेमणुकीला स्थगिती दिली त्या दिवशी मी कॉलनीत पेढे वाटले होते. आता ते आठवलं की मला माझाच राग येतो.

आयोगाचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि आमच्या वकीलबाईंनी तोंड आवरायला सांगितलंय, जे मला जन्मात जमलेलं नाही. एवढंच सांगते, की सरकारी कचेऱ्या लोकांचे कागद दाबून बसल्या तर त्यांना जाब विचारायला हा आयोग आहे. आमच्या भागातल्या तक्रारी ऐकणाऱ्या सदस्याची खुर्ची मात्र दोन वर्षं रिकामी होती. तक्रारी येत होत्या, त्यांच्यावर शिक्का बसत होता आणि त्या गठ्ठ्यात जात होत्या.

शिक्क्यांतलं मला कळतं. एका सरकारी कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावकला होते. आलेल्या कागदावर तारीख आणि क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची, पुढे पाठवायचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याच्या भाजीत खोट काढण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून दर रविवारी विक्रोळीत आमच्या मागच्या वस्तीतल्या विहारात टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. सकाळची वंदना आटोपली की तिथली मंडळी पंखा चालू ठेवून मला जागा द्यायची. वर चहाही द्यायची, आणि तो आमच्या घरच्यापेक्षा चांगला असायचा.

आक्का तिथेच भेटली. सत्तरीची बाई, मूळची बीडकडची. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून तिने दोन मुली शिकवल्या. तिची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता आणि नव्या घरासाठी पात्र रहिवाशांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. जुन्या सर्वेक्षणात तिच्या नवऱ्याच्या नावाने खोलीची नोंद झाली होती. त्याची पावती घरात पाणी शिरलं तेव्हा गेली, पण कचेरीतला सर्वेक्षणाचा तक्ता तर असायला हवा होता. कचेरीने लिहून दिलं, 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' हे वाक्य माझ्या हातून हजारदा जावक झालंय. कपाट कोणी उघडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयोगाने दम दिला असता तर तो तक्ता आठवड्यात सापडला असता. म्हणून मी आक्काची तक्रार लिहिली, तिने खाली सही केली. अंगठा नाही, सही. ती शिकली होती ते चाळीशीत, मुलीच्या पाटीवर.

दोन वर्षांनी एकदाचा नवा सदस्य निवडला गेला. तो रुजू होणार म्हणून आयोगाच्या कार्यालयाने आधीच सुनावण्यांच्या तारखा काढल्या. आक्काला पत्र आलं. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून रविवारी मला दाखवायला आणलं आणि विहारातल्या सगळ्यांना दाखवून झाल्यावर परत पिशवीत घातलं.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या इमारतीतली वकील माझ्याकडे आली. पोरगी हुशार. त्या निवडीची अख्खी फाईल तिने मिळवली होती.

"काकू, काहीतरी गडबड आहे, पण मला सापडत नाहीये. तुम्ही बघा ना जरा," ती म्हणाली.

मला पाच मिनिटंही लागली नाहीत. निवडलेल्या गृहस्थाच्या अर्जावर आवक क्रमांक होता ४१२/अ. आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मुदत संपल्यावर आलेला कागद मुदतीत आला असं दाखवायचं, तर वहीत मागे जागा कुठून आणणार? मग मुदतीच्या दिवसाच्या शेवटच्या क्रमांकाला 'अ' जोडायचा आणि दोन ओळींमध्ये बारीक अक्षरात घुसवायचा. मीही एकदा केलंय, एका विधवेच्या अर्जाला एक दिवस उशीर झाला होता म्हणून. त्यामुळेच तर ओळखलं. पण ती बिचारी शिपायाच्या जागेसाठी आली होती. इथे लोकांना न्याय देणारा माणूसच मागच्या दाराने आत येत होता, आणि निवड समितीने बाकीच्या उमेदवारांचे अर्ज उघडल्याचा साधा उल्लेखही इतिवृत्तात नव्हता.

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं साहेबांपुढे गप्प बसले होते, ते सगळं वर आलं. "याचिका टाकू. माझं नाव घाल," मी म्हटलं.

"काकू, एक आहे," ती म्हणाली. "नेमणूक थांबली तर सुनावण्यापण थांबणार. किती दिवस, काही सांगता येत नाही. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तिने लगेच कागद काढला. आक्काची तारीख मला माहीत होती. मीच ती तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून आले होते. पण त्या क्षणी आक्का माझ्या मनातसुद्धा आली नाही, आणि हे मी कुणालाही समजावून सांगू शकत नाही.

सुनावणीच्या दिवशी फोर्टात उच्च न्यायालयात जाऊन सकाळपासून बाकावर बसले. दुपारी आमचा नंबर लागला. सरकारी वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली. न्यायालयाने ती दिली आणि तोवर नेमणूक स्थगित ठेवली. मला सापडलेल्या 'अ'बद्दल न्यायमूर्तींनी दोनदा विचारलं. मी हवेतच घरी आले, येताना पेढे घेऊन.

नवऱ्याने एक पेढा तोंडात टाकला. तो वेंगुर्ल्याचा. चिडवायचं असलं की गावच्या भाषेत शिरतो. पण या वेळी चिडवत नव्हता. "जिंकलंस गो. पण त्या आक्काचा काय?"

मी त्याच्यावरच उखडले. तुम्हाला तत्त्वाचं काही पडलेलं नाही, मी एवढी वर्षं सरकारचं मीठ खाल्लं म्हणून अन्याय बघत बसायचा का, असं बरंच काही बोलले. तो उठून भांडी घासायला गेला. तो भांडी घासायला गेला की समजायचं, चूक माझी आहे.

रविवारी आक्काने पेढा खाल्ला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पेपरात नाव आलं म्हणे तुमचं. झकास! माझ्या तारखेला तुम्हीच चला सोबत, ताई. तुमच्यासारखी बाई शेजारी असली की साहेब नीट बोलंल."

मी "बघू" म्हटलं. आक्काला खरं सांगायला जीभ रेटली नाही. इतर वेळी एवढी चालते.

दहा दिवसांनी तिला टपालाने कळलं. 'मा. उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये सुनावणी पुढील आदेशापर्यंत तहकूब.' पत्र घेऊन ती आली. वाचून दाखवा असं म्हणाली नाही, तिने ते वाचलेलं होतं.

"हे तुमच्याच केसमुळं ना?"

"हो."

"तो माणूस वाईट होता का ओ?"

"माहीत नाही, आक्का. त्याला घेतलं ती पद्धत खोटी होती."

"माझा कागद त्यानं वाचला असता का?"

मी सत्य तेच सांगितलं. "वाचला असता."

तिने मान हलवली आणि पत्र पिशवीत घातलं.

मग मी वकीलबाईंच्या मागे लागले. आयोगाच्या दुसऱ्या सदस्याकडे आक्काची तक्रार वर्ग करा, असा अर्ज आम्ही न्यायालयात दिला. चार आठवड्यांनी तारीख लागली. त्या दिवशी बोर्डावर आमचा नंबर आलाच नाही. पुढच्या तारखेला सरकारी वकील आजारी. त्याच्या पुढच्या वेळी ते म्हणाले, नवी निवड प्रक्रिया विचाराधीन आहे. मी आयोगात गेले, तर तिथला कारकून हात वर करून म्हणाला, "बाई, थांबवलं कोणी? तुम्हीच ना?" अख्ख्या यंत्रणेची आधीच वाट लागली होती आणि त्यात आता बोट दाखवायला त्यांना मी मिळाले होते. चिडून काय करणार? तो माणूस खोटं बोलत नव्हता.

बिल्डरने चाळ रिकामी करायला घेतली. पात्र लोकांना संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या, आक्काला काहीच नाही. धाकट्या मुलीकडे, बदलापूरच्याही पुढे जायचं ठरलं.

निघण्याच्या सकाळी मी गेले. तिची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. बाबासाहेबांच्या तसबिरीला तिने मला हात लावू दिला नाही, ती स्वतः चादरीत बांधली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो तेव्हा मी म्हटलं, "आक्का, चुकले मी. ती केस टाकायलाच नको होती."

तिला माझा राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"असं बोलू नका. खोट्यानं बसलेला साहेब उठवायलाच पाहिजे. केस बरोबर होती," ती म्हणाली. "मला विचारलं असतं ना ताई, तर मीच म्हणले असते, टाका. खोलीचं बघू मग. पण मला विचारायचं होतं. खोली माझी होती."

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिने तसबीर उचलली, मी पाण्याची कळशी घेतली आणि तिच्या मागून जिना उतरले.