जावळ होईपर्यंत पाय खाली नको

माझी पहिली दोन बाळंतपणं फुकट गेली. तिसऱ्या वेळी मुलगी जगली, तेव्हा सासूबाईंनी देवीला नवस बोलून टाकला. पोरीचं जावळ तुझ्या पायाशी काढीन, तोवर तिचा पाय जमिनीला लागू देणार नाही! मला कुणी विचारलं? छे! सुनेला विचारून नवस बोलायची पद्धत आमच्या जळगावच्या घरात नव्हती. आणि खरं सांगते, विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. दोनदा रिकाम्या हातांनी घरी आलेली बाई कशाला नाही म्हणते?

मग पोर एक तर झोळीत, नाही तर कुणाच्या तरी कडेवर. बसायला शिकली तीसुद्धा पलंगावर, उशांच्या मधे. जरा काठाकडे सरकली की सगळ्यांचे हात पुढे. जावळ वर्षाच्या आत व्हायचं होतं, पण चुलत सासरे वारले आणि घरातली शुभकार्यं वर्षभर थांबली. नवस लांबला.

समोरच्या घरात एक मुलगा होता. तापाचं निमित्त झालं आणि त्याचा एक पाय वाळून गेला. पोलिओ. तो शब्द घरात कुणी उच्चारायचं नाही. शेजारीण मात्र यायची आणि म्हणायची, "अगं बाई, अजून उभी राहत नाही? आमची तर एव्हाना अंगणभर पळायची." मेलीला दुसरं काही सुचायचंच नाही! आंघोळ घालताना मी पोरीच्या दोन्ही पोटऱ्या चाचपून बघायची. एक बारीक तर नाही ना? दात येताना तिला ताप आला होता. तो दातांचाच होता ना?

शेवटी सातपुड्याच्या पायथ्याला देवीकडे जावळ झालं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, तिला काखांत धरून देवीसमोर फरशीवर टेकवलं. पोरीनं किंकाळी फोडली आणि दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. मग एकदाचे पाय लागले, तर गुडघे दुमडून ती खालीच बसली. दर्शनाला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

सासऱ्यांनी सुताराकडून लाल-हिरवा पांगुळगाडा आधीच करून घेतला होता. अक्का तिला काखांत धरून त्याच्या दांड्याला लटकवायच्या आणि गाडा पुढे ढकलायच्या. पोर पुढे जायची, पाय मागून फरफटत यायचे. पांगळ्या पोरीला कोण करून घेईल, आपल्यामागे तिचं काय होईल, इथपर्यंत मी जाऊन पोहोचले होते.

मग एकदा हे आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गुडघ्यावर टिचकी मारली, तळव्याला चिमटा काढला. पोरीनं पाय असा झटकला की त्यांचा चष्माच हलला.

"पायांत जोर आहे. ही खाली कधी असते?"

तोवर मी पोरीला परत कडेवर घेतलं होतं.

"सारखं उचलणं बंद करा. तो गाडाही काढून ठेवा. सतरंजीवर सोडा आणि जवळ बसा. रडली तर रडू दे."

माझा विश्वास बसला नाही. बाईमाणसाला धीर यावा म्हणून डॉक्टर खोटं बोलतात, हे मी आधीच्या दोन्ही वेळी भोगलं होतं.

तरी पोरीला खाली सोडलं. ती रडायची की अक्का धावत येऊन उचलायच्या. नवस फेडायला उशीर झाला म्हणून देवी कोपली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. चुलीपुढे बसून त्या स्वतःलाच दोष देत अहिराणीत पुटपुटायच्या, "मनामुळे पोर पांगळी हुयनी." त्यांच्यावर चिडावं की त्यांच्यासोबत रडावं, तेच मला कळेना. बरेच दिवस असेच गेले. पोर पोटावर सरपटायला लागली, पण उभी राहायचं नाव नाही.

एका दुपारी ती सरपटत कपड्यांच्या पेटीपाशी गेली, कडीला धरून वर उठायला बघू लागली आणि आपटली. हंबरडाच फोडला तिनं. अक्का उठल्या तशी मी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. सुनेनं सासूचे हात धरायचे! आता मारतील, हाकलून देतील, काहीही करतील. त्यांनी एकदा हिसका दिला, पण मी सोडलं नाही.

पोर रडत रडत पुन्हा कडीला लोंबकळली. एक गुडघा रोवला. मग दुसरा पाय जमिनीवर दाबला, घसरली, परत दाबला. आणि लटपटत उभी राहिली. स्वतःच्या दोन पायांवर! एक हात पेटीवर, दुसरा अक्कांकडे पसरलेला, नाकाडोळ्यांतून धारा.

अक्कांचे हात अजून माझ्या मुठीत होते. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत. उलट माझीच बोटं घट्ट आवळली.

"सोडू नको वं मना हात," त्या म्हणाल्या, "नही तं मी उचली लिसू तिले."