पाळण्याच्या चालीवरचे बारा शब्द

ती दुपार आजही आठवते, आणि त्या दुपारची मी आठवली की हसू आवरत नाही. कडक इस्त्रीची खाकी, काखेत रूळ आणि डोक्यात एकच ज्ञान: चोर घरातलाच असतो.

ठाकुर्लीच्या एका काकांची तक्रार होती. लॅपटॉपवरच्या वॉलेटमधून त्यांचं सगळं क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरची आभासी नाणी, नाहीसं झालं होतं. शेजाऱ्यांकडून फोनवर खबर आली, "मॅडम, त्या लॅपटॉपला हात लावतो तो बायकोचा भाचाच." झाडून झडती घेतली. हवालदाराला मी भाच्याच्या गादीखाली नाणी शोधायला लावली, आता बोला!

भाचा नोकरीसाठी परदेशी निघालेला. गुन्ह्यात अडकला असता तर नोकरी हातची गेली असती. तरी पोलीस ठाण्यात माझ्यापुढे शांत होता.

"लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. वॉलेट मूळ साइटवरूनच घेतलं, डिजिटल सही तपासली, मगच उघडलं."

"सही कशाला रे तपासायची?"

"फाइल खरंच बनवणाऱ्यांकडून आली, की वाटेत कुणी बदलली, ते कळतं. मग वॉलेटची किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते ज्याच्या हाती, त्याचं सगळं. मावशीला म्हटलं, कागदावर लिही, कुलपात ठेव. कुठेही टाइप करू नकोस."

मी जांभई दिली. "मग नेलं कुणी?"

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. "मीच. मावशीच्या कपाटातल्या कागदावरून शब्द उतरवले."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? तरी मी ऐटीत चहा मागवला आणि अटकेची तयारी सुरू केली. राहिला होता मावशीचा जबाब.

ठाकुर्लीच्या त्या घरात पडदा खाडीच्या वाऱ्यानं फुगत होता. मावशी मेथी निवडत गात होत्या. चाल पाळण्याची, शब्द मात्र इंग्रजी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. रिव्हर, स्पून, जो जो रे... झोपेत कुणी बोलावं तसे. वॉलेट रिकामं झालं तरी गाणं सुटलं नव्हतं. मलाही पेंग आली. दारात उभ्या पोलिसाला पेंग!

"भाच्यानं कबूल केलंय," मी म्हटलं. "तुमच्या कागदावरून शब्द घेतले म्हणाला."

गाणं थांबलं. "कागद? अहो, बारा शब्द पाळण्याच्या चालीवर पाठ झाले त्याच दिवशी मी तो गॅसवर जाळला. त्याला सांगितलं नाही, ओरडला असता."

"मग शब्द बाहेर गेले कसे?"

त्यांनी मेथीची काडी ताटात ठेवली. "लॅपटॉपवर चौकट आली होती. वॉलेट बंद पडेल, बारा शब्द भरा. मी गात गात भरले."

पोलीस ठाण्यात काका भाच्यावर कडाडले, "गाढवा, खोटं का बोललास?"

"मी ती चोरट्यांची चौकट बघितली होती, काका. मावशीनंच तिच्यात शब्द भरले, हे कळलं. तुम्ही मावशीला जन्मभर ऐकवलं असतंत. मला काय, रोजच ऐकवता."

भाचा वेळेवर विमानात बसला. क्रिप्टो मात्र परत आलं नाही.

मला हवी तशी कबुली मिळाली, तेव्हाच त्या फाइलसारखी तिचीही सही तपासायला हवी होती. त्या पोरानं मला ते नुकतंच शिकवलं होतं, आणि मी जांभई देत होते.

आता माझंही लिनक्सवर वॉलेट आहे. शब्द कागदावर, कागद कुलपात. नातीला झोपवताना तीच चाल ओठांवर येते. शब्द मात्र मी मुद्दाम चुकीचे घालते.